मानवतावाद : बगदादच्या ‘अदब’पासून एपीएमसीच्या गोणीपर्यंत

‘मानवतावाद’ हा शब्द आपल्या बऱ्याच घरांत जरा संशयानेच ऐकला जातो. देव-धर्म बाजूला सारून माणसालाच सर्वस्व मानणे, एवढाच त्याचा अर्थ, अशी समजूत आहे. ही समजूत अगदीच निराधार नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1946-47 च्या सुमारास मांडलेला नवमानवतावाद निरीश्वरवादीच होता, आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे मोठे विद्वान त्यांच्यासोबत होते. पण या विचाराचा इतिहास तिथून सुरू होत नाही.

उर्दू येणाऱ्यांना ‘अदब’ हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक असतो : साहित्य आणि शिष्टाचार. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये हे दोन्ही अर्थ एकच होते. भाषा, काव्य, इतिहास आणि नीती शिकून माणूस घडवायचा, यालाच अदब म्हणत. त्या काळातल्या मिस्कवैह (मृत्यू 1030) या विचारवंताचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ ‘तहजीबुल अखलाक’ प्रसिद्ध आहे. याच नावाने सर सय्यद अहमद खान यांनी 1870 मध्ये उर्दू नियतकालिक सुरू केले. पुढे स्पेनच्या इब्न रुश्द (1126-1198) यांची भाष्ये लॅटिनमध्ये गेली आणि युरोपच्या विद्यापीठांत शिकवली जाऊ लागली.

इटलीतल्या प्रबोधनकाळाचे श्रेय आपण पाठ्यपुस्तकांत फक्त ग्रीक-रोमन ग्रंथांना देतो. पण माणसाच्या प्रतिष्ठेवरचे त्या काळातले सर्वांत गाजलेले भाषण, पिको देल्ला मिरांदोला याने 1486 मध्ये लिहिलेले, सुरुवातीलाच अरबांच्या लिखाणाचा दाखला देते : जगात सर्वांत नवलाची गोष्ट कोणती, तर माणूस, असे एका अब्दुल्लाने म्हटल्याचे पिको सांगतो. दहावीच्या मुलांना हे सांगितले की ती चमकून बघतात.

महाराष्ट्रात हा विचार रुजवला तो महात्मा फुले यांनी. त्यांची शाळा मध्येच सुटली होती. ती पुन्हा सुरू करावी म्हणून वडिलांची समजूत घालणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते, असे चरित्रकार सांगतात. 24 सप्टेंबर 1873 रोजी फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांनी देव नाकारला नाही, त्याला ‘निर्मिक’ म्हटले. निर्माता एक, म्हणून सगळी माणसे बरोबरीची, हा त्यांचा सरळ हिशेब. हजरत मुहम्मद यांच्यावर त्यांनी ‘मानव महंमद’ ही रचनाही केली. हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

‘सत्यशोधक’ हे नाव पुढे हमीद दलवाई यांनीही घेतले. 22 मार्च 1970 रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्या मतांवर समाजात तेव्हाही वाद होता, आजही आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे आपल्याला सत्यशोधकांची दुसरी वाट बघायची आहे, कष्टकऱ्यांची. माझ्या मते या विचाराची खरी कसोटी तिथेच लागली.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून ते अनेक वर्षे झगडले, आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणूनही हेच लोखंडे पुढे आले.

गिरणीतला मजूर निदान एका मालकाकडे तरी कामाला होता. मशीद बंदर, दाणा बंदर भागातल्या हमालाचे तसे नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. व्यापारी म्हणे हा आमचा नोकर नाही, मग कायदा लागू कुठून होणार? आजारी पडला, गोणीखाली मान आखडली, तर सरळ गावी जायचे. सातारा जिल्ह्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले, आणि 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी.

या कायद्याची युक्ती साधी, पण भारी आहे. मालक कोण, या वादात तो अडकतच नाही. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ मध्ये उभे केले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार यांची सोय होते. माथाडींसाठी कोपरखैरणेत रुग्णालयही आहे.

1980 नंतर घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून वाशीला हलला. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे, भाजीपाला अशी पाच मार्केटे झाली, आणि माथाडीही तिकडे गेले. गोणी किती किलोची, हा वाद इथे वारंवार पेटतो. 50 किलोच्या वरची गोणी उचलणार नाही, ही कामगारांची मागणी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा 1967 सालीच सुचवली होती. वजन जास्त भरले की वाहतूक स्वस्त पडते, आणि फरक हमालाच्या मणक्यातून वसूल होतो.

या पाच मार्केटांत आपले लोक दोन्ही बाजूंना आहेत. कुणी गाळ्यावर गल्ला सांभाळतो, कुणी ट्रक खाली करतो. नोंद नसलेली, रोजच्या रोज हातावर पैसे घेणारी पोरेही पुष्कळ आहेत. त्यांना फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. मजुरीबद्दलची हदीस घराघरांत पाठ असते. मंडळाकडे नोंदणी फक्त हमालाची नसते, त्याला काम देणाऱ्या व्यापाऱ्याचीही असते. घरातले कुणी बाजारात असेल, तर गाळेवाल्याची नोंद झाली आहे का आणि लेव्ही भरली जाते का, हे मंडळाच्या कार्यालयात विचारता येते.