लाटेवरचे स्वार आणि पांगाऱ्याचे लाकूड

साक्री तालुक्यातील कान नदी पांझरेस मिळते, पांझरा तापीस मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास जाऊन भेटते. म्हणजे साक्रीचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते. साक्रीचा मनुष्य मात्र सहसा पोहोचत नाही. त्याचा पाण्याशी परिचय बंधाऱ्याचा, पाटाचा आणि फडाचा. कान व पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी अडवावयाचे, पाटकऱ्याने ते पाळीपाळीने वाटावयाचे आणि थेंबही वाया जाऊ द्यावयाचा नाही, हीच शिकवण. अशा प्रदेशातील श्रोत्यांस समुद्राच्या लाटेवर लाकडी फळी टाकून स्वार होणाऱ्या लोकांचा इतिहास परका वाटला तर नवल नाही. परंतु या इतिहासाचे एक मूळ साक्रीच्या पश्चिमेस, पिंपळनेरकडील डोंगरांत उभ्या असलेल्या एका झाडाच्या गोत्रात सापडते. ते झाड म्हणजे पांगारा.

पांगारा काटेरी, उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून तांबड्या फुलांनी पेटणारा. त्याचे लाकूड इमारतीस निरुपयोगी, जळणासही हलके. पण हा हलकेपणाच त्याचा गुण होय. महाराष्ट्रात विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधण्याची रीत जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ पांगाऱ्यास एरिथ्रिना या वंशात घालतात. याच वंशातील एक भाऊबंद पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई बेटांवर उगवतो. तेथे त्यास विलिविली म्हणतात. आपल्या पूर्वजांनी ज्या लाकडाने बुडण्याचे भय घालविले, त्याच जातीच्या लाकडाने हवाईयन लोकांनी लाटेवर बसण्याची विद्या उभी केली.

ही विद्या किती जुनी, हे वर्षांत सांगता येणार नाही. लेखी पुरावा मात्र १७७८ पासूनचा आहे. त्या वर्षी जानेवारीत इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक हवाई बेटांवर पोहोचला. १७७९ च्या फेब्रुवारीत तेथील केआलाकेकुआ उपसागराच्या काठी तो मारला गेला. त्याच्या मागे सफरीचा वृत्तान्त पुरा करणाऱ्या लेफ्टनंट किंग याने, तेथील स्त्रीपुरुष फळ्यांवर आडवे होऊन प्रचंड लाटांबरोबर किनाऱ्याकडे कसे झेपावतात, याचे आश्चर्यपूर्वक वर्णन केले. हा वृत्तान्त १७८४ मध्ये छापला गेला. ज्या लाटांनी युरोपियन खलाशांच्या होड्या फुटत, त्या लाटांत तेथील मुले खेळत होती, ही गोष्ट त्या खलाशांना पटण्यास वेळ लागला.

हवाईयन लोकांनी फळ्यांचे वर्ग पाडलेले होते आणि त्या वर्गवारीत मोठे शहाणपण होते. पाइपो ही तीनचार फुटांची आखूड फळी. तिच्यावर पोटावर पडून मुले काठच्या लहान लाटा धरीत. आलाइया ही सहापासून बारा फुटांपर्यंतची पातळ फळी. ती बहुधा कोआ या झाडाच्या लाकडाची असे. कोआ हा बाभळीच्या जातकुळीतला; लाकूड भरीव व टिकाऊ. काही फळ्या ज्याला कोकणात नीरफणस म्हणतात त्याच्या लाकडाच्याही होत. तिसरी ओलो. ही चौदा फुटांहून अधिक लांब आणि दोन्ही अंगांनी फुगीर. ती राजघराण्यातील मंडळींची मानली जाई, आणि तिच्यासाठी विलिविलीचे, म्हणजे पांगाऱ्याच्या भावाचे, लाकूड उत्तम समजत. होनोलुलू येथील बिशप संग्रहालयात आबनर पाकी नावाच्या सरदाराच्या अशा अवाढव्य फळ्या जतन केलेल्या आहेत.

लांबी, जाडी आणि लाकूड यांची ही निवड केवळ डौलाची नव्हती. लाट उथळ पाण्यात आली म्हणजे तिचा पाया तळाच्या घर्षणाने मंदावतो आणि माथा पुढे झुकतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. उंच व उभी लाट फळीस जोराने पुढे ढकलते. तेथे पातळ आलाइया चालते, कारण वेग लाटच पुरविते. लहान व उतरती लाट मात्र फारसे ढकलीत नाही. तिच्यावर स्वार व्हावयाचे तर फळीने माणसाचे वजन पाण्यावर चांगले उचलून धरले पाहिजे आणि लाट येण्यापूर्वीच हातांनी वल्हवून तिला गती देता आली पाहिजे. म्हणून संथ लाटेस लांब, रुंद व तरंगती फळी हवी. लाट जितकी दुबळी तितकी फळी उदार, असा हा हिशेब आहे. नवशिक्याने पहिल्याच दिवशी आखूड व चपळ फळी घ्यावी, हे सायकल न येणाऱ्याने शर्यतीत उतरण्यासारखे होय.

शिकण्याचा क्रमही यातूनच निघतो. प्रथम पोहणे, कारण फळी हातून सुटणारच. नंतर कमरेइतक्या पाण्यात, फुटून पांढऱ्या झालेल्या लाटेवर पोटावर पडून किनाऱ्यापर्यंत येणे. फळीचे नाक बुडत असेल तर थोडे मागे सरावे. शेपूट ओढत असेल तर पुढे. हा तोल अंगात मुरल्यावरच उभे राहावयाचे. पडताना डोके खाली घालून पडू नये, आणि उभ्याने चालताना फळी आपल्या व लाटेच्या मध्ये कधी धरू नये. लाट तीच फळी छातीवर आपटते. पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजू नये, किनाऱ्यास समांतर पोहून तिच्याबाहेर पडावे. वायकीकीच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे उथळ बुड दूरवर पसरलेले असल्याने लाटा सौम्य व लांबवर चालतात. तेथे ही शाळा पिढ्यान्पिढ्या भरली.

ती शाळा एकोणिसाव्या शतकात मोडकळीस आली. १८१९ मध्ये जुनी धर्मबंधने तुटली आणि १८२० मध्ये अमेरिकन मिशनरी आले. नग्नता, पैजा व आळस यांचे निमित्त करून या खेळाकडे नापसंतीने पाहिले गेले, हे खरे. परंतु मोठा घाव रोगांचा होता. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर, शीतज्वर अशा साथींनी माणसेच उरली नाहीत. १८९० च्या शिरगणतीत, मिश्र रक्ताचे धरूनही, हवाईयन सुमारे चाळीस हजार भरले. १८९३ मध्ये त्यांची राणी लिलीउओकलानी पदच्युत झाली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली. ज्या समाजाची माणसे, जमीन आणि गादी गेली, त्याच्या खेळाची वाट काय होणार!

तथापि विद्या समूळ गेली नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझ येथे, सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी, तेथल्याच रेडवुड लाकडाच्या फळ्या करवून लाटांवर स्वारी केली. १९०७ मध्ये जॅक लंडन हा लेखक वायकीकीस येऊन ही कला शिकला आणि त्याने तिच्यावर लिहिले. १९०८ मध्ये वायकीकीस गोऱ्या मंडळींच्या पुढाकाराने एक क्लब निघाला. मूळचे हवाईयन त्यात जवळजवळ नव्हते. ज्यांचा खेळ त्यांनाच दार अर्धे मिटलेले! तेव्हा १९११ मध्ये हवाईयन तरुणांनी हुई नालू, म्हणजे लाटांचे मंडळ, स्थापिले. त्यांतलाच एक ड्यूक कहानामोकू.

ड्यूकने १९१२ मध्ये स्टॉकहोम व १९२० मध्ये अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तो ऑस्ट्रेलियात गेला. बरोबर फळी नव्हती. त्याने सिडनीतच पाइन लाकूड निवडून फळी घडविली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांस प्रयोग दाखविला. ती फळी तेथे अजून जपलेली आहे. १९२५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक मासेमारीची बोट लाटांत उलटली, तेव्हा आपली फळी वल्हवीत पुन्हा पुन्हा आत शिरून त्याने आठ जणांस जिवंत बाहेर काढले. ज्यास आळशांचा खेळ म्हटले होते, त्याने त्या दिवशी आठ घरांतील दिवे विझू दिले नाहीत.

पुढे टॉम ब्लेक या अमेरिकनाने पाकीच्या जुन्या फळ्यांचा अभ्यास करून आतून पोकळ फळी बनविली व १९३२ मध्ये तिचे पेटंट घेतले; १९३५ मध्ये त्याने फळीच्या शेपटीखाली पाती बसविली. १९५० नंतरच्या दशकात लाकूड मागे पडून रासायनिक फेस व काचतंतू आले. साहित्य बदलले, हिशेब बदलला नाही. नवशिक्यास आजही लांब, जाड व तरंगती फळीच देतात.

हिंदुस्थानासही लाट अपरिचित नव्हती. मद्रासच्या किनाऱ्यावर बंदर बांधले जाण्यापूर्वी काथ्याने शिवलेल्या मसुला होड्या आणि ओंडके बांधून केलेले कट्टुमरम हेच लाटांतून माणसे व माल नेत. कोकणातील होडीस आडवी जोडलेली उलांडी तिला लाटेत सावरून धरते. करमणुकीची फळी मात्र येथे उशिरा आली. कर्नाटकातील मुल्की आणि चेन्नईजवळील कोवळम ही तिची आजची ठिकाणे, आणि कोवळमला तीत कोळ्यांची मुले आघाडीवर आहेत.

टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे २०२१ मध्ये भरले, हा खेळ प्रथमच घेतला गेला. स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक होनोलुलूच्या करिसा मूर हिला मिळाले. ती हवाईयन वंशाची आहे. शंभर वर्षांपूर्वी जो समाज संपला असे लोक समजत होते, त्याच्या लेकीने आपल्या पूर्वजांची विद्या जगापुढे आपल्या नावाने मांडली. विद्या ग्रंथांत राहते तशी ती हातापायांतही राहते. ती शिकविणारा एक मनुष्य आणि तरंगणारे एक हलके लाकूड उरले, तरी ती पुन्हा उभी राहते. फाल्गुनात पिंपळनेरच्या डोंगरात पांगारा फुलतो, तेव्हा त्या निरुपयोगी म्हटल्या जाणाऱ्या झाडाकडे एवढ्या आदराने पाहावयास हरकत नाही.