खडतर वाटांवरील मोटारसायकली आणि सांगाड्याला जाणारे तडे

डोंगरवाटेवर मोटारसायकलचा सांगाडा तुटला की दोष शेवटच्या दगडाला किंवा खड्ड्याला दिला जातो. प्रत्यक्षात सांगाडा क्वचितच एका फटक्यात तुटतो. एखाद्या वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग कित्येक दिवस, कधी कित्येक महिने आधीच पडलेली असते. प्रत्येक हादऱ्यासरशी ती किंचित पुढे सरकते आणि उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडला की एखाद्या मामुली धक्क्यानेही जोड सुटतो. लडाख, स्पिती किंवा अरुणाचलाच्या रस्त्यांवर दरवर्षी हजारो दुचाकीस्वार जातात. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तुटण्यापूर्वी ही भेग बहुधा डोळ्यांना दिसू शकते.

या प्रक्रियेला धातूची थकावट, अर्थात फटीग, म्हणतात. तिचा अभ्यास सुरू झाला तो रेल्वेमुळे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर अनेक वर्षे प्रयोग केले. एका वेळी सहज पेलवणारा भार लाखो वेळा पुनःपुन्हा दिल्यास पोलादही तुटते, हे त्यांनी सिद्ध केले. भार एका ठरावीक मर्यादेखाली राहिल्यास पोलाद जवळजवळ कितीही आवर्तने सोसते, हेही त्याच प्रयोगांतून पुढे आले. ॲल्युमिनियमला अशी ठळक सुरक्षित मर्यादा नाही. पोलादाचीही मर्यादा वेल्डिंग, गंज आणि ओरखडे यांमुळे खालावते.

लाखो आवर्तने हा आकडा मोठा वाटतो, परंतु कच्च्या रस्त्यावर तो लवकर गाठला जातो. डोंगराळ भागातील खडीच्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीने नालीदार पत्र्यासारख्या लाटा तयार होतात. दोन लाटांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरले आणि मोटारसायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असली, तर चाकाला सेकंदाला सुमारे १८ हादरे बसतात. तासाला ही संख्या ६६ हजारांवर जाते. दररोज ५ तास अशा वाटेवर गाडी चालली, तर तीन दिवसांत १० लाख आवर्तने पूर्ण होतात. पोलादाच्या चाचण्यांमध्ये थकावटीची मर्यादा साधारण याच टप्प्यावर पाहिली जाते. अर्थात प्रत्येक हादरा सारखाच घातक नसतो. सस्पेन्शन त्यातील बराचसा भाग शोषून घेते. मात्र तेल गळणारा किंवा निकामी झालेला शॉकअप बदलायचे टाळले, की तोच भाग सांगाड्याच्या वाट्याला येतो.

भार आणि आयुष्य यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही. वेल्डिंगच्या जोडांसाठी अभियंते जो ढोबळ नियम वापरतात, त्यानुसार ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्मे होत नाही, ते आठव्या हिश्श्यावर येते. मागच्या कॅरिअरवर आणखी एक पेटी बांधताना हे गणित क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

सर्वांत धोक्याची जागा स्टीअरिंग हेडची. पुढचा फोर्क जिथे सांगाड्याला मिळतो त्या नळकांड्यापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर साधारण पाऊण मीटर असते, म्हणजे एखाद्या पहारीएवढे. चाक दगडावर आदळते तेव्हा ही पहार मागे ढकलली जाते. वरची नळी ताणली जाते व खालची दाबली जाते. गाडी उंचावरून जमिनीवर उतरते तेव्हा नेमके उलटे घडते. अशी उलटसुलट ओढाताण थकावटीला सर्वाधिक पोषक. म्हणूनच या ठिकाणी जाड पत्र्याचे त्रिकोणी आधार, म्हणजे गसेट, जोडलेले असतात. परंतु गसेटची कडा जिथे अचानक संपते तिथेच ताण एकवटतो आणि पुष्कळदा पहिली भेग आधाराच्या टोकालाच दिसते. इथला जोड धावत्या गाडीत सुटला तर स्वाराच्या हातात काहीच उरत नाही.

मागचा सब-फ्रेम त्या मानाने कमी प्राणघातक, पण तो तुटण्याचे प्रमाण मोठे. सीट, मागचा स्वार, कॅरिअर आणि पेट्या यांचा भार मुख्य सांगाड्याच्या मागे लोंबकळत असतो. २० किलोचे सामान खड्ड्यात तिप्पट जोराने खाली खेचले गेले तर बोल्टच्या दृष्टीने ते ६० किलो होते. कावासाकी केएलआर ६५० ही १९८७ पासून दूरच्या प्रवासासाठी लोकप्रिय असलेली गाडी या बाबतीत बोलका दाखला आहे. तिच्या सब-फ्रेमचे वरचे बोल्ट सामानाच्या भाराने तुटतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की सांगाड्याला आरपार भोक पाडून एकच जाड, लांब बोल्ट घालण्याची पद्धत मालकांमध्ये रूढ झाली. २०२२ च्या मॉडेलमध्ये कंपनीने मागचा भाग मुख्य सांगाड्याशी एकजीव केला. यामाहाच्या टेनेरे ७०० मध्येही सब-फ्रेम वेल्डिंगनेच जोडलेला आहे. या रचनेत बोल्ट तुटण्याचा प्रश्न मिटतो. मात्र अपघातात मागचा भाग वाकला तर तेवढाच भाग बदलण्याची सोय राहत नाही.

फूटरेस्टचे ब्रॅकेट, स्विंगआर्मचा खिळा बसतो ती जागा, शॉकअपचा वरचा जोड आणि साइड स्टँडचा कान याही तपासण्याच्या जागा आहेत. सामानाने लादलेली गाडी साइड स्टँडवर उभी असताना डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन घोड्यावर चढावे तसे चढण्याची सवय अनेकांना असते. त्या क्षणी गाडीचे व स्वाराचे बरेचसे वजन तेवढ्या एका कानावर येते.

धातूच्या निवडीविषयी दोन मते आहेत. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या लवचिक आणि दुरुस्तीस सोप्या असतात. केटीएमच्या एन्ड्युरो गाड्या त्यावरच विसंबतात. होंडाने १९९७ च्या सीआर २५० आर या मोटोक्रॉस गाडीला ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला. तो फार ताठ असल्याची तक्रार तेव्हा झाली आणि पुढच्या आवृत्त्यांत रचना बदलत गेली. भारतासारख्या देशात, जिथे पुढचे वर्कशॉप शंभर किलोमीटरवर असू शकते, तिथे पोलादाची बाजू अधिक भक्कम वाटते. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगनंतर आसपासचा धातू मऊ पडतो आणि गेलेली ताकद परत आणण्यासाठी लागणारी उष्णता-प्रक्रिया रस्त्यावर शक्य नसते.

नुकसान लपून राहू शकते, याचे मोठे उदाहरण सांगाड्याचे नसून फोर्कचे आहे. बीएमडब्ल्यूने जुलै २०१७ मध्ये आर १२०० जीएस आणि तिची ॲडव्हेंचर आवृत्ती या गाड्यांच्या फोर्कची जगभर तपासणी हाती घेतली. नोव्हेंबर २०१३ ते जून २०१७ या काळातील सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या तिच्या कक्षेत होत्या. अडथळ्यावर जोरात आदळल्यास फोर्कच्या नळीला इजा होऊ शकते आणि ती स्वाराच्या लक्षात येणार नाही, हे त्यामागचे कारण होते.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. गाडी धुऊन चिखल काढावा, टाकी व सीट उतरवावी आणि वेल्डिंगच्या कडा टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहाव्यात. रंगातील बारीक रेघ, सुटलेली खपली किंवा तांबूस गंजाची ओळ ही भेगेची खूण होय. एकच बोल्ट वारंवार सैल होणे किंवा गाडी एका बाजूला ओढणे याचीही दखल घ्यावी. शंका असल्यास डाय पेनिट्रंट चाचणी करता येते. जागा साफ करून तांबडा द्रव लावतात, तो पुसून पांढरा थर फवारतात आणि भेगेत शिरलेला तांबडा रंग त्यावर उमटतो. तुटलेल्या भागाकडेही नीट पाहावे. जुनी भेग काळपट, गुळगुळीत आणि वाळूवर लाटांनी उमटवलेल्या वक्र रेषांसारखी असते, तर शेवटी तुटलेला भाग खरखरीत व चमकदार दिसतो. काळपट भाग मोठा असेल तर दगडाचा दोष तितकाच कमी.

वाटेवरच्या गावात मारलेले वेल्डिंग पुढच्या शहरापर्यंत पोहोचण्यापुरते समजावे. पक्क्या दुरुस्तीत भेगेच्या टोकाच्या किंचित पुढे बारीक भोक पाडून तिची वाढ रोखतात, भेग पूर्ण घासून खाच करतात आणि आर्गन वेल्डिंग करतात. त्याआधी बॅटरी सोडवलेली असावी, अन्यथा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला इजा होऊ शकते. वरून जाड पट्टी चिकटवणे हा उपाय आकर्षक वाटतो, पण पट्टीच्या कडेला नवी भेग सुरू होते. कडा निमुळती हवी. स्टीअरिंग हेडला भेग असल्यास मात्र सांगाडा बदलणेच शहाणपणाचे.

दोष मुळात रचनेचा असेल तर ग्राहकाला आता कायद्याचा आधार आहे. भारतात वाहन उत्पादक २०१२ पासून ऐच्छिक संहितेनुसार गाड्या परत बोलावत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तक्रारीसाठी भेगेची छायाचित्रे, सर्व्हिसच्या नोंदी आणि तुटलेला तुकडा जपून ठेवणे उपयोगी पडते. दुरुस्तीच्या वेळी आणखी एक काळजी घ्यावी लागते. चेसिस क्रमांक बहुतेक मोटारसायकलींवर स्टीअरिंग हेडवरच कोरलेला असतो. तडा घासताना तो पुसला गेला, तर नोंदणी प्रमाणपत्राशी गाडीची ओळख जुळत नाही आणि विक्री, विमा व आरटीओची कामे अडकतात.