शिक्षक पात्रता परीक्षा : सराव प्रश्नपत्रिका कशा सोडवाव्यात?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालामुळे शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) हा केवळ नवीन उमेदवारांचा विषय राहिलेला नाही. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या व सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांना ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी या निकालाने दोन वर्षांची मुदत दिली. त्याहून कमी सेवा उरलेल्यांनाही पदोन्नतीसाठी ती आवश्यक ठरविली. सेनगावसारख्या ग्रामीण तालुक्यात शाळा व घर सांभाळून, अनेक वर्षांच्या खंडानंतर अभ्यासास बसणाऱ्या शिक्षकासाठी हा थेट नोकरीचा प्रश्न आहे. वेळ थोडा असताना सराव प्रश्नपत्रिकांचा योग्य वापर महत्त्वाचा ठरतो.

परीक्षेचे स्वरूप

पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद २०१३ पासून ही परीक्षा घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, तर सहावी ते आठवीसाठी पेपर दोन असतो. प्रत्येक पेपरमध्ये १५० गुणांचे १५० बहुपर्यायी प्रश्न असून वेळ अडीच तासांचा असतो. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांसाठी ही मर्यादा ५५ टक्के आहे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत.

सराव का करावा?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, उतारा केवळ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्यातील सुमारे ४० टक्के भाग आठवला. एकदा वाचून नंतर तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते. वाचनाने विषय आल्यासारखा वाटतो. तो खरोखर आला की नाही, हे पुस्तक मिटून उत्तर देतानाच कळते.

सरावाची पद्धत

पहिली प्रश्नपत्रिका अभ्यासाच्या आरंभीच सोडवावी. गुण कमी पडले तरी कोणत्या विषयास किती वेळ द्यावा, हे त्यातून ठरते. परिषदेच्या मागील प्रश्नपत्रिकांना प्राधान्य द्यावे. उत्तरे तपासताना हरकतींचा विचार करून प्रसिद्ध झालेली अंतिम उत्तरसूचीच वापरावी. अंतरिम सूचीत बदल होऊ शकतो.

प्रश्नपत्रिका एकाच बैठकीत, घड्याळ लावून सोडवावी. एका प्रश्नास सरासरी एकच मिनिट मिळते आणि उत्तरपत्रिकेतील वर्तुळे रंगविण्याचा वेळही त्यातच येतो. दोन्ही पेपर देणाऱ्यांनी एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी व दुपारी असे दोन्ही सोडवून पाहावेत.

अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे टिंब करावे. चार पर्यायांत निव्वळ अंदाजाने ४० प्रश्न सोडविल्यास सुमारे १० बरोबर येतात. परीक्षेत हा लाभ जरूर घ्यावा. सरावात मात्र टिंबाचे गुण वेगळे मोजावेत, अन्यथा तयारीविषयी गैरसमज होतो.

चुकांची वही

सोडविण्यास जितका वेळ दिला, किमान तितकाच तपासणीस द्यावा. प्रत्येक चूक वहीत नोंदवून तिच्यापुढे कारण लिहावे : माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ अपुरा पडला. पहिल्या प्रकारासाठी बालभारतीचे संबंधित पाठ्यपुस्तक उघडावे. दुसऱ्यासाठी ‘नाही’, ‘अयोग्य’ असे शब्द अधोरेखित करण्याची सवय लावावी. तिसऱ्यासाठी प्रश्नांचा क्रम बदलून पाहावा. चुकलेले प्रश्न आठवड्याने पुन्हा सोडवावेत. तीच प्रश्नपत्रिका पाठ होईपर्यंत सोडविल्यास गुण वाढतात, तयारी वाढत नाही.

सलग तीन नव्या प्रश्नपत्रिकांत, टिंबाचे गुण वगळून, आवश्यक मर्यादेपेक्षा आठ-दहा गुण अधिक मिळू लागले की तयारी योग्य दिशेने आहे असे समजावे. या परीक्षेचे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षे वैध असे. २०२१ च्या निर्णयानुसार ते आजीवन ग्राह्य आहे. त्यामुळे हे परिश्रम एकदाच घ्यावयाचे आहेत.