एकोणीस सांधे

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डर होते. घरच्या मंडळींना आठवत असेल, कुठलाही सांधा दिसला की ते बोटाने चाचपून बघत आणि म्हणत, "दिसतो बरा, टिकेल का?" परवा नातू रॉकेटच्या इंजिनाविषयी सांगत होता, तेव्हा अण्णांची फार आठवण झाली.

१९६९ साली माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या तळाशी पाच एफ-१ इंजिने होती. कसबी वेल्डरांनी ती हाताने घडवलेली. २०१३ च्या सुमारास नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी तसले एक इंजिन उघडून पाहिले. नकाशे होते, पण कारागिरांनी काम करताना वापरलेल्या कितीतरी युक्त्या कागदावर उतरलेल्याच नव्हत्या! त्या माणसांबरोबर गेल्या.

आता थ्रीडी प्रिंटिंग आले आहे. धातूच्या पुडीचा पातळ थर पसरायचा, लेसरने हवी तेवढीच वितळवायची, त्यावर पुन्हा थर. असा अख्खा भाग खालून वर वाढत जातो. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन असे बनवून ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वीचे १४ भाग जाऊन एकच राहिला, वेल्डिंगचे १९ सांधे गेले. ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो पूड पुरली आणि वेळ ६० टक्क्यांनी वाचला. त्याच महिन्यात, ३० मे रोजी, चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचे एकसंध छापलेले इंजिन श्रीहरिकोटाहून उडालेदेखील.

सांधाच नाही, तर वेल्डर कशाला? क्षणभर वाईट वाटले. पण अण्णांचा प्रश्न काही सुटलेला नाही. छापलेल्या धातूतही बारीक पोकळी राहू शकते, म्हणून तपासणी आलीच. टिकेल का, हे शेवटी आगीतच कळते. ते ६६५ सेकंद त्यासाठीच.

फरक एवढाच की यंत्राची कृती संगणकात लिहिलेली असते, अण्णांची हातात होती. मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण अण्णांसमोर वही घेऊन एकदाही बसलो नाही. असो. तुमच्या घरात असे कोणी असतील, तर त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.