सिलोन चहाची कुळकथा

श्रीलंकेच्या, म्हणजे पूर्वीच्या सिलोनच्या, डोंगरांवर आज चहा दिसतो, तिथे दीडशे वर्षांपूर्वी कॉफी होती. १८६९च्या सुमारास कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटीसारखे ठिपके दिसू लागले. हा तांबेरा. पानं गळायची, नवी फुटायची, तीही गळायची; शेवटी झाडात जीवच उरायचा नाही. वीसेक वर्षांत मळेच्या मळे बसले.

चहा मात्र त्याआधीच रुजला होता. कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने १८६७ साली १९ एकरांत त्याची लागवड केली. कारखाना म्हणजे त्याच्या बंगल्याचा व्हरांडा. खुडलेली कोवळी पानं सुकवायची, टेबलावर हातांनी रगडून वळायची, मग मातीच्या चुलीत कोळशाच्या निखाऱ्यांवर जाळीत पसरून भाजायची. १८७३ साली लंडनला गेलेला चहा होता २३ पौंड, म्हणजे जेमतेम साडेदहा किलो. १८९० साली थॉमस लिप्टन या ब्रिटिश व्यापाऱ्याने इथले मळे विकत घेतले आणि हा चहा जगाच्या दुकानांत पोचवला.

टेलर आणि लिप्टन यांची नावं सगळीकडे येतात. पाठीवर टोपली घेऊन उतारावर दोन पानं अन् एक कळी खुडणाऱ्या तमिळ बायकांची येत नाहीत, आणि ही कुळकथा खरी त्यांची आहे. तमिळनाडूतून आणलेल्या या मजुरांना स्वतंत्र देशाच्या १९४८च्या कायद्याने नागरिकत्वच नाकारलं. १९६४ साली भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघायचं. ज्यांची वाटणी झाली, त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढचा घाव २०२१चा. सगळी शेती सेंद्रिय करायची म्हणून सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. चहाच्या झुडपाची सतत खुडणी होते, आणि दर खुडणीला पानांबरोबर नत्र निघून जातं. ते भरून दिलं नाही तर नवी फूट मंदावते. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, तोवर व्हायचं ते झालं होतं. २०१३ साली ३४ कोटी किलोवर गेलेलं उत्पादन २०२२ साली २५ कोटींच्या आसपास आलं. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही. पण पर्यायी खत हाताशी नसताना असा हुकूम काढणं हा अन्याय होता. त्याची झळ सर्वांत जास्त छोट्या बागायतदारांना बसली, कारण देशाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास चहा त्यांच्याच तुकड्यांवर पिकतो.

त्यानंतर उत्पादन थोडं सावरलं, जुनी पातळी मात्र गाठता आलेली नाही. मळ्यांवर माणसं मिळत नाहीत. मजुरांच्या चाळवजा लाइनींतल्या खोल्यांत वाढलेली मुलं कोलंबोची वाट धरतात. २०२४ साली मोठ्या वादावादीनंतर मळेकामगारांची मूळ रोजंदारी १,३५० श्रीलंकन रुपये ठरली. आपल्या पैशांत ती तेव्हा चारशेही भरत नव्हती.