खिडकीचे गज कुणासाठी? कोल्हापूरच्या घरांची एक बाजू

मंडळी, विषय वाचून काही जण हसले असतील. इतिहासाच्या व्याख्यानात खिडकीचं ग्रिल कशाला? पण शुक्रवार पेठ, शिवाजी पेठ या भागांतली जुनी घरं बघत फिरताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. घराला भीती कशाची वाटत होती, हे दारापेक्षा खिडकी जास्त खरं सांगते. दार पाहुण्यांसाठी सजवलेलं असतं. खिडकीला तेवढं सोंग घेता येत नाही.

सुरुवात वेशीपासून करू. गंगावेश, वरुणतीर्थ वेश ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो, पण तिथं खरोखरच वेशी होत्या. रात्री वेस बंद झाली की राखणीचा मोठा भाग तिथंच संपायचा. उरलेलं काम वाड्याचं. तळमजल्याला रस्त्याच्या बाजूनं खिडकी शक्यतो नाहीच; असली तर लहान आणि उंचावर. उजेड आणि वारा आतल्या चौकातून घ्यायचा. रस्त्याकडे तोंड करून बसायची हौस वरच्या मजल्यावर भागवायची.

मग चोर यायचा कुठून? भिंतीतून! शूद्रकाचं 'मृच्छकटिक' आठवा. देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला ते घरचंच वाटतं. त्यातला शर्विलक चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडतो, भोक कोणत्या आकाराचं करावं याचा कलाकारासारखा विचार करतो आणि मापाला दोरी नाही म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. माती-विटांची भिंत खणता येत होती, म्हणून ही विद्या टिकली. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, त्यात घरफोडीच्या ४४५व्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. पहिलं उदाहरण भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचं आहे. खिडकीतून शिरणारा तिसऱ्या क्रमांकावर. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही आधी भिंतच होती, असं आम्हाला वाटतं.

पुढं भिंती पक्क्या झाल्या, घरं रस्त्याकडे उघडली आणि चोराची वाट खिडकीकडे सरकली. जुन्या लाकडी चौकटीतले गज बघा. गोल सळई वरच्या आणि खालच्या लाकडात भोक पाडून आरपार बसवलेली, मध्ये आडवी लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीच्या भोकांतूनही तीच सळई गेलेली. एक गज काढायचा तर चौकट फोडावी लागते. सुताराचं आणि लोहाराचं हे एकत्र काम होतं. वेल्डिंग आल्यावर ग्रिल आलं, त्यात फुलं आली, मोर आले, सूर्य आले. दिसायला छान. पण पुष्कळ ठिकाणी हे सुंदर ग्रिल चौकटीच्या बाहेरच्या अंगाला चार स्क्रूंवर टांगलेलं असतं. मोर कितीही जाड पट्टीचा असला तरी चोराला मोराशी भांडायचंच नाही, त्याला फक्त स्क्रू काढायचेत.

आता जरा थांबून दुसरी गोष्ट सांगायला हवी. गज बसवताना 'चोर कोण' याचं एक चित्र माणसाच्या मनात असतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हे चित्र सरकारी करून टाकलं. अमुक जमातीत जन्मला म्हणजे संशयित, त्यानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची. ज्या रामोशांकडे गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखण सोपवली होती, त्यांच्यावरच पाळत. राखणदार आणि चोर एकाच माणसात बघायचे, हा प्रकार विचित्र होता, पण लोकांच्या अंगवळणी पडला होता.

कोल्हापूरच्या इतिहासात इथं शाहू महाराज येतात. १९१८ साली त्यांनी संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना सोनतळीला वसवलं, त्यांना पहाऱ्याची कामं दिली. म्हणजे ज्यांच्या भीतीनं लोक कडी लावत होते, त्यांच्याच हातात महाराजांनी राखण दिली. हे दयेपोटी केलं असं सांगितलं जातं. आम्हाला त्यात व्यवहारही दिसतो. पोटाला काम मिळालं की रात्री दुसऱ्याच्या भिंतीपाशी जायचं कारण कमी होतं. देशात तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही. आजही कुठं चोरी झाली की आधी पालांवर चौकशी होते.

वस्तूची बाजू मात्र दुर्लक्षून चालणार नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना सहजी न फुटणाऱ्या खिडक्या-दारं सक्तीची झाली. अभ्यासकांनी मोजलं, तेव्हा अशा घरांतल्या घरफोड्या वर्षाला १.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्या होत्या, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. तिथं भर गजांवर नव्हता. चौकट, बिजागरी, कडी आणि काच मिळून काही मिनिटं टिकली पाहिजेत, एवढाच हिशेब. चोराला वेळ लागला आणि आवाज झाला की तो निघून जातो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला हेच लागू आहे. कित्येक खिडक्यांचं पल्लं बाहेरून वर उचललं की रुळातून निघतं. वरच्या रुळात एक छोटा अडथळा बसवला की ते उचलता येत नाही. खर्च किरकोळ आहे, पण फॅब्रिकेटरला आपण होऊन सांगावं लागतं.

आता खरी अडचण. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा या भागांतल्या लोकांना हे आम्ही सांगायला नको. पाणी जिन्यापर्यंत आल्यावर दार उपयोगाचं राहत नाही. बाहेर पडायला उरते ती खिडकी किंवा गॅलरी, आणि तिला आपण चारी बाजूंनी पिंजरा केलेला असतो. बोट खिडकीपाशी आली तरी मधे ग्रिल. आग लागली तरी तेच. वाड्यातल्या माणसाला निदान मागचा दरवाजा, परसू आणि शेजारच्या घरात जायची वाट असायची. फ्लॅटमधल्या माणसाला त्यातलं काहीच नाही.

म्हणून घरातल्या एका तरी ग्रिलला उघडणारी झडप ठेवा, माणूस बाहेर पडेल एवढी. बिजागरी आतल्या बाजूला, कुलूप आतून. किल्ली खिळ्याला टांगलेली असावी, खिडकीतून बाहेरच्या माणसाचा हात पोचणार नाही इतकी लांब, आणि अंधारात आजीला चाचपडत सापडेल इतकी जवळ. पावसाळ्याच्या तोंडाला ते कुलूप एकदा उघडून बघा. गंजलेलं असतं. थोडं तेल सोडा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.