ओक्लाहोमा : गवत, धूळ आणि दिलेला शब्द

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर ठेवला, म्हणजे त्याच्या मध्यापासून किंचित दक्षिणेस लांब दांड्याच्या तव्यासारखा एक प्रदेश दिसतो. हेंच ओक्लाहोमा संस्थान. त्याच्या आग्नेय कोपऱ्यांत पाइन वृक्षांनीं झांकलेले डोंगर असून तेथें वर्षाकांठीं ५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पश्चिमेस, तव्याच्या दांड्यांत, २० इंचदेखील पडत नाहीं. ह्या दोन टोकांच्या दरम्यान एके काळीं गवताचा जणूं समुद्रच पसरला होता. पूर्वेकडचें गवत माणसाच्या खांद्याला लागे. पश्चिमेकडचें आंखूड, पण त्याच्या मुळ्या खोल आणि दाट. बायसन नांवाच्या केसाळ रानगव्यांचे प्रचंड कळप त्यावर चरत असत. ओक्लाहोमाचा इतिहास हा ह्या गवताचा, आणि त्याला साक्षी ठेवून दिलेल्या एका वचनाचा इतिहास आहे.

इ. स. १८२९ मध्यें अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं क्रीक लोकांना निरोप पाठविला. त्याचा आशय असा कीं, मिसिसिपी नदीच्या पलीकडे तुमच्यासाठीं विस्तीर्ण मुलूख राखून ठेवला आहे. गवत उगवत आहे आणि पाणी वाहत आहे तोंपर्यंत तो तुमचा व तुमच्या मुलाबाळांचा राहील.

हा निरोप ज्यांच्यासाठीं होता, ते कोणी रानावनांत भटकणारे लोक नव्हते. चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल हीं पांच राष्ट्रें अमेरिकेच्या आग्नेय भागांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करून, गांवें वसवून राहत होतीं. चेरोकींमध्यें सीक्वोया नांवाचा एक कारागीर होऊन गेला. त्याला इंग्रजी वाचतां येत नव्हतें. परंतु गोरे लोक बोलणें कागदावर टिपून ठेवतात एवढें त्यानें पाहिलें, आणि अनेक वर्षें खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची लिपि सिद्ध केली. तींत रोमन लिपीप्रमाणें सुटे ध्वनि नसून, आपल्या 'क', 'कि', 'कु' ह्यांप्रमाणें एकेक उच्चार दाखविणारीं सुमारें ८५ चिन्हें होतीं. ती लिपि चेरोकींमध्यें झपाट्यानें पसरली, आणि १८२८ मध्यें त्यांचें स्वतःचें वृत्तपत्रहि निघालें.

पण त्यांच्या जमिनीवर कापूस उत्तम पिकत होता, आणि त्याच सुमारास जॉर्जियाच्या डोंगरांत सोनें सांपडलें. १८३० मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळानें ह्या लोकांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा केला. चेरोकींनीं शस्त्र न उचलतां न्यायालयाची वाट धरली. १८३२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, चेरोकींच्या मुलुखांत जॉर्जियाचे कायदे चालत नाहींत, असा निकाल दिला. पण तो अमलांत आणण्याची इच्छा सरकारला नव्हती. १८३५ मध्यें एका लहानशा गटाकडून तहावर सह्या घेण्यांत आल्या. मुख्य जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी त्याच्या विरुद्ध होते. तरी सेनेटनें तो मान्य केला, आणि तोहि आवश्यक संख्येपेक्षां केवळ एका मताच्या आधिक्यानें!

१८३८ मध्यें सैनिकांनीं माणसें घरांतून ओढून काढून कुंपणांत कोंडलीं. सुमारें १६,००० चेरोकी मग पश्चिमेकडे निघाले. ऐन हिंवाळ्यांतल्या त्या प्रवासांत, आणि त्याआधींच्या कोंडवाड्यांत, सुमारें ४,००० माणसें दगावलीं असें मानतात. 'अश्रूंची वाट' ह्या नांवानें ही यात्रा इतिहासांत ओळखली जाते. कांहीं सधन चेरोकींचे काळे गुलामहि त्याच वाटेनें चालले, हेंहि नमूद केलें पाहिजे. दुःख भोगणारा स्वतः निर्दोष असतोच, असें नाहीं.

ह्या लोकांनीं नव्या मुलुखांत पुन्हां घरें बांधलीं, शाळा काढल्या, न्यायालयें स्थापिलीं. चेरोकींनीं १८३९ मध्यें आपली राज्यघटना केली आणि टॅलेक्वा ही राजधानी वसविली. चोक्टॉ लोक तर १८३१ पासूनच हद्दपारीचे हाल सोसून येथें आले होते. १८४७ मध्यें आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडल्याची वार्ता त्यांच्या कानीं आली, तेव्हां त्यांनीं आपल्या गरिबींतून सुमारें १७० डॉलर जमवून समुद्रापार पाठविले. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांत त्या उपकाराचें स्मारक २०१७ मध्यें उभें राहिलें : गरुडाचीं नऊ पोलादी पिसें, वर्तुळांत उभीं.

यादवी युद्धांत ह्या राष्ट्रांतील अनेक पुढाऱ्यांनीं दक्षिणेचा पक्ष धरला. त्याबद्दल १८६६ च्या तहांनीं त्यांच्याकडून पश्चिमेकडचा मोठा मुलूख काढून घेण्यांत आला. 'ओक्लाहोमा' हें नांव त्याच तहांच्या वेळचें. चोक्टॉ मुख्य ॲलन राइट यांनीं तें सुचविलें. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे तांबडे. तांबड्या लोकांचा देश असा ज्याचा अर्थ, तो देश लवकरच त्यांच्या हातून जावयाचा होता.

कोणत्याच राष्ट्राला न दिलेली सुमारें २० लाख एकर जमीन मध्यभागीं उरली होती. सरकारनें ती वसाहतीसाठीं खुली केली. २२ एप्रिल १८८९ रोजीं भर दुपारीं बारा वाजतां बंदुकांचे बार झाले, आणि घोड्यांवर, गाड्यांत, पायीं असे सुमारें ५०,००० लोक सीमेवरून आंत धांवले. जो आधीं पोंचून खुंटी ठोकील, त्याला १६० एकर! सकाळीं जेथें माळरान होतें, तेथें सायंकाळपर्यंत ओक्लाहोमा सिटी आणि गथ्री येथें सुमारें दहा दहा हजारांची वस्ती राहुट्यांत पडली. कांहीं लबाडांनीं मात्र आधींच चोरून शिरून उत्तम जमिनी बळकावल्या होत्या. त्यांना 'सूनर' म्हणत. पुढें तीच शिवी संस्थानाचें अभिमानाचें टोपणनांव झाली, ह्यांत जगाच्या न्यायाची रीत दिसून येते.

उरलेल्या जमिनीवर कायद्याचा नांगर फिरला. १८८७ च्या आणि पुढें १८९८ च्या कायद्यानें सामाईक मालकी मोडून प्रत्येक माणसाच्या नांवें तुकडा करून देण्यांत आला. पांच राष्ट्रांचीं न्यायालयेंहि बंद झालीं. पुष्कळांचे तुकडे कर्जांत, फसवणुकींत आणि पडत्या भावांत गेले. १९०५ मध्यें ह्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं मस्कोगी येथें परिषद भरवून 'सीक्वोया' नांवाच्या स्वतंत्र संस्थानाची घटना तयार केली. जनतेनें ती मतांनीं उचलून धरली. वॉशिंग्टननें तिच्याकडे लक्ष दिलें नाहीं. १६ नोव्हेंबर १९०७ रोजीं दोन्ही मुलूख एक होऊन ओक्लाहोमा हें ४६ वें संस्थान झालें.

ओसेज लोकांनीं मात्र भूगर्भांतील संपत्तीवरचा सामाईक हक्क १९०६ च्या कायद्यांत राखून ठेवला होता. त्यांच्या जमिनीखालीं तेल निघालें, आणि ते एकाएकीं धनाढ्य झाले. मग १९२० नंतरच्या वर्षांत त्यांच्या वारशासाठीं त्यांचे खून पडूं लागले. तेलानेंच वैभवाला चढलेल्या टल्सा शहरांत ३१ मे व १ जून १९२१ ह्या दोन दिवसांत गोऱ्यांच्या जमावानें ग्रीनवुड हा काळ्या लोकांचा संपन्न भाग जाळून टाकला. धन मिळालें, तरी तें राखण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता.

इकडे माणसांना दिलेलें वचन मोडत असतां गवताचीहि गत तीच झाली. पहिल्या महायुद्धांत गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले, आणि पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांतला मुळ्यांनीं घट्ट विणलेला थर उलथला गेला. युद्धानंतर भाव कोसळले. १९३१ पासून पाऊस रुसला, आणि जिला धरून ठेवणारें कांहीं उरलें नव्हतें, ती माती उडाली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्या दिवशीं धुळीच्या भिंतीनें दुपारीं अंधार केला. हजारों कुटुंबें ह्या संस्थानांतून कॅलिफोर्नियाकडे निघून गेलीं. त्यांची व्यथा जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या कादंबरीनें जगापुढें मांडली. मात्र त्यांतील पुष्कळ लोक धुळीच्या टापूंतले नसून, कापसाच्या मंदीनें बुडालेले पूर्वेकडचे कुळवाडी होते.

त्याच एप्रिलमध्यें देशाचा मृदसंरक्षणाचा कायदा झाला. त्याआधीं महिनाभर, ग्रीअर परगण्यांत, वारा अडविण्याच्या प्रचंड वृक्षपट्ट्यांतलें पहिलें झाड लावण्यांत आलें होतें. उताराच्या आडव्या नांगरटीचा प्रसार झाला, पुष्कळ जमीन पुन्हां गवताखालीं आली. बायसनहि परतले. १९०७ मध्यें न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांतून १५ जनावरें आगगाडीनें आणून विचिटा डोंगरांत सोडलीं होतीं. १९९३ मध्यें ओसेजच्या उंच गवतांत आणखी ३०० सोडण्यांत आलीं.

आणि वचनाचें काय? ९ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, क्रीक राष्ट्राला तहानें दिलेला मुलूख कायदेमंडळानें स्पष्ट शब्दांत कधींच रद्द केला नाहीं. सबब फौजदारी कायद्यापुरता तो आजहि त्या राष्ट्राचाच मुलूख होय. पुढें संस्थानाच्या न्यायालयांनीं हेंच तत्त्व इतर चार राष्ट्रांना लावलें. संस्थानाचा जवळजवळ सारा पूर्वभाग, टल्सा शहराच्या मोठ्या भागासह, त्यांत आला. कोणाचें घर वा शेत ह्या निकालानें परत मिळालें नाहीं, आणि पुढें २०२२ सालीं न्यायालयानें दुसऱ्या एका निकालानें संस्थानाच्या अधिकारांना पुन्हां वाव दिला. तरी एक गोष्ट निश्चित झाली : बलवानानें दिलेला शब्द केवळ वारंवार मोडल्यानें नाहींसा होत नाहीं. ओसेजच्या टेकड्यांवर गवत उगवत आहे आणि आर्कान्सा नदीचें पाणी वाहत आहे. तहाची मुदत अद्याप संपलेली नाहीं.